टीन टायटन्स आधी कार्टून होतं की कॉमिक्स? आणि त्यात रॉबिन बॅटमॅनशिवाय कसा?

कॉमिक्स आधी. किशोरवयीन सुपरहिरोंची ही टीम कॉमिक्समध्ये आली, तीही तुम्ही म्हणताय त्या 2003च्या कार्टूनच्या तब्बल 39 वर्षं आधी. रॉबिनचं उत्तर पहिल्याच गोष्टीत सापडतं.

1964 साली डीसी या कॉमिक्स कंपनीच्या 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' मालिकेच्या 54व्या अंकात लेखक बॉब हेनीने रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड यांना एकत्र आणलं. तिघंही कुणा ना कुणा मोठ्या हिरोच्या हाताखालची पोरं. हॅटन कॉर्नर्स नावाच्या गावात मुलांना स्वतःचं क्लबघर हवं असतं, मोठी माणसं ऐकत नसतात, तिथे हे तिघे जातात. म्हणजे बॅटमॅन सोबत नसणं हाच मुळी या टीमचा पाया. 'टीन टायटन्स' हे नाव पुढच्या वर्षी 60व्या अंकात मिळालं आणि वंडर गर्लही तेव्हाच आली.

हिची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वंडर वुमनच्या कॉमिक्समध्ये वंडर गर्ल म्हणजे खुद्द वंडर वुमनच, लहानपणची! काही गोष्टींत दोघी एकत्र दाखवल्या होत्या, त्यामुळे हेनीची गफलत झाली आणि त्याने तिला वेगळी मुलगी समजून टीममध्ये घेतलं. मग ही नक्की कोण, हा घोळ 1969 मध्ये मार्व्ह वुल्फमनने निस्तरला: आगीतून वाचवलेली अनाथ मुलगी, नाव डोना ट्रॉय.

कॉमिक दोनदा बंद पडलं, 1973 आणि 1978 मध्ये. आपण ज्यांना ओळखतो ते टायटन्स खरे 1980चे. वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी रेव्हन, स्टारफायर आणि सायबॉर्ग ही तीन नवी पात्रं आणली. बीस्ट बॉय जुनाच, 'डूम पॅट्रोल' या डीसीच्याच दुसऱ्या टीममधला. 1984 मध्ये तर डिक ग्रेसनने, म्हणजे रॉबिननेच, रॉबिनचा पोशाख उतरवला आणि तो नाइटविंग या नव्या नावाचा हिरो झाला.

मी शाळेत असताना आधी कार्टूनच पाहिलं, कॉमिक्स कॉलेजात हाती लागली. त्यामुळे टायटन्समध्ये सामील होणाऱ्या टेरा नावाच्या मुलीचा धक्का मला दोनदा बसला. कार्टूनमध्ये ती गद्दारी करते, पण शेवटी मित्रांसाठी स्वतः दगड होते. कॉमिक्समधली टेरा पहिल्यापासून टायटन्सचा शत्रू डेथस्ट्रोक याची हेर, आणि मरते तीही टायटन्सचा द्वेष करतच. कार्टूनमध्ये डेथस्ट्रोक हे नाव घेतलेलं नाही, तिथे तो फक्त स्लेड.

रॉबिनचं खरं नावही कार्टून सरळ सांगत नाही. एका भागात लॅरी नावाचं त्याचं बुटकं, नकली रूप येतं आणि आपलं खरं नाव सांगतं. ते नाव म्हणजे 'डिक ग्रेसन'ची इंग्रजी स्पेलिंग उलटी वाचलेली. दुसऱ्या एका भागात स्टारफायर 20 वर्षं पुढे जाते, तिथे रॉबिन नाइटविंग झालेला असतो. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं, नुसता केस वाढलेला रॉबिन वाटला.

2013च्या 'टीन टायटन्स गो!'मध्ये पाचही मुख्य पात्रांचे आवाज 2003च्या कार्टूनमधलेच आहेत, बाकी सगळा धुडगूस. मला दोन भागांच्या वर झेपत नाही, भाचीला मात्र पाठ आहे.

कॉमिक्स वाचायची असतील तर थेट 'द ज्यूडास कॉन्ट्रॅक्ट'वर, म्हणजे टेराच्या गद्दारीच्या कथेवर, उडी मारू नका. 1980च्या मालिकेत टेरा 26व्या अंकात येते, तिथून धरा. ती आधी आवडायला लागली पाहिजे.