पहिली चांगली माउंटन बाइक: साधी घेऊन पुढे पार्ट बदलत गेलं तर चालेल का?

चालेल, फक्त फ्रेम चुकता कामा नये. गिअर, ब्रेक, चाकं कधीही बदलता येतात. फ्रेमची मापं मात्र आहेत तीच राहतात. म्हणून दुकानात डिरेलरवरचं (गिअर बदलताना साखळी हलवणाऱ्या यंत्रणेवरचं) नाव वाचण्याआधी हेडट्यूब, म्हणजे हँडलखालची फ्रेमची उभी नळी बघा. ती खाली रुंद होत जाणारी, म्हणजे टेपर्ड हवी. जुन्या सरळ, बारीक हेडट्यूबमध्ये आजचे बहुतेक चांगले फोर्क (पुढचं चाक धरणारे, धक्के झेलणारे दांडे) बसत नाहीत. मागे १२ × १४८ मि.मी.चा थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा जाड आस असावा, १३५ मि.मी. क्विक रिलीज (खटक्याने आवळायचा जुना, बारीक आस) असेल तर पुढे चांगली चाकं शोधताना दमछाक होते. ड्रॉपर पोस्टच्या (चालवताना बटणाने सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याच्या) केबलसाठी सीटट्यूबजवळ, म्हणजे सीटखालच्या नळीजवळ भोक आहे का, तेही बघून घ्या.

हात राखून खर्च करायचा असेल तर मी हार्डटेलच, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल सुचवेन. त्याच पैशांत मिळणाऱ्या फुल सस्पेन्शनमध्ये (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन) मागचा शॉक, फोर्क, ब्रेक सगळंच बेताचं मिळतं, आणि पिव्हटच्या (फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या) बेअरिंगचा खर्च मागे लागतो तो वेगळाच. फोर्क १२० मि.मी. दबणारा, एअर स्प्रिंगवाला घ्या. कॉइल फोर्क तुमच्या वजनाला जुळवायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. एअर फोर्कला शॉक पंप पुरतो. हेल्मेट-बॅगसकट पेडलवर उभे राहा, फोर्कच्या नळीवरचं रबरी कडं सीलपर्यंत खाली सरकवा आणि न हिसकता उतरा. कडं २४ ते ३० मि.मी. वर दिसलं, तर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क दबतो ते अंतर, बरोबर.

आता अपग्रेड. पहिला खर्च टायरवर. चांगले २.४ इंची टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबऐवजी भोकं बुजवणारं द्रव सीलंट घालून बसवले की तीच सायकल वेगळी वाटते. यात घोळ होतो तो रिमवरची स्पोकची भोकं झाकणाऱ्या रिम टेपचा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मि.मी. जास्त रुंद घ्या. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप ताणून लावा आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना साधारण १० सें.मी. दुहेरी येऊ द्या. २९ इंची टायरला १०० मि.लि.च्या आसपास सीलंट लागतं. हवा भरल्यावर स्पोकच्या मुळाशी सीलंटचे बुडबुडे आले, तर टायरला दोष देऊ नका. टेप सुटली आहे. ७५ किलोच्या माणसाने पुढे २१, मागे २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करावी. दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर २ वाढवा. सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी तपासा, ते सुकतं.

त्यानंतर ड्रॉपर पोस्ट. व्यास जुन्या सीटपोस्टवर कोरलेला असतो, ३०.९ की ३१.६ ते वाचूनच मागवा. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर बदलण्याची घाई नको. पुढचा रोटर (ब्रेकची चकती) १८० मि.मी.चा आणि नवे पॅड बरंच काम करतात. रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलेलं असेल तर त्यावर मेटल पॅड लावू नका, रोटर लवकर झिजतो. नवे पॅड बसवल्यावर चाक लॉक न करता वीसेक वेळा वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा, नाहीतर पकड येत नाही.

गिअर सगळ्यात शेवटी, जुने झिजल्यावर. १२ स्पीडची १०-५१ कॅसेट (मागच्या चाकावरचा १० ते ५१ दातांच्या चक्रांचा संच) लावायची असेल तर मायक्रोस्प्लाइन फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते ती त्या प्रकारच्या खाचांची नळी लागते, जुन्या फ्रीहबवर ही कॅसेट चढतच नाही. आणि गिअर अडखळतात म्हणून डिरेलर मागवणार असाल, तर आधी मागून हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा बघा. तो वाकलेला असेल तर नवा डिरेलरही तसाच अडखळेल.