आई-बाबांना घेऊन चेक प्रजासत्ताकात सहा दिवस: चेस्की क्रुमलोव्ह एका दिवसात उरकावं का? शाकाहारी जेवणाचं काय?

तुम्ही मे महिन्यात आई-बाबांना घेऊन सहा दिवस येताय. दोघंही सत्तरीच्या आसपास आणि शाकाहारी. प्रागमध्ये मुक्काम ठेवून क्रुमलोव्ह एका दिवसात करावं का, आणि जेवणाचे हाल होतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी नोकरीनिमित्त म्लादा बोलेस्लाव्हला राहतो. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या स्कोडाचा कारखाना आहे, तिचं हे मूळ गाव. इथे मराठी घरं आहेत आणि उन्हाळा आला की कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतातच. त्यांना फिरवताना जे पाहिलं, त्यावरून सांगतो.

क्रुमलोव्ह या खेपेला सोडा. गाव देखणं आहे, नदीच्या वळणात वसलेलं आहे, सगळं खरं. पण प्रागहून जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच, आणि मधल्या वेळात गर्दीतून, गोट्यांच्या फरसबंदीवरून चढ-उतार. तरुण माणसाला चालतं. सत्तरीच्या माणसाला त्या दिवसातलं बसच्या खिडकीतलं शेतच जास्त आठवतं. माझा सल्ला असा: तीन रात्री प्राग, त्यातला एक दिवस कुत्ना होरा, आणि उरलेल्या दोन रात्री देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हिया प्रांतातल्या ओलोमोउत्स शहरात. परतीचं विमान सकाळचं असेल तर उलट करा, आधी ओलोमोउत्स आणि शेवटी प्राग.

प्रागबद्दल इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, म्हणून गुडघ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं तेवढंच सांगतो. प्रागच्या किल्ल्यावर चार्ल्स पुलाच्या बाजूने पायऱ्या चढून जाऊ नका. २२ नंबरच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ या थांब्यावर उतरा, तिथून जवळजवळ सपाट रस्त्याने आत जाता येतं. आतलं सेंट व्हिटस कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. आईंना आत बाकावर निवांत बसू द्या आणि डाव्या हाताची, चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी दाखवा. परत त्याच थांब्यावर या. चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत पाहा. १३५७ साली पायाभरणी झालेल्या या पुलावर दुपारी माणसांची पाठच दिसते.

बाबांना इतिहासाची ओढ असेल तर जुन्या ज्यू वस्तीला अर्धा दिवस द्या (शनिवारी बंद असते). पिंकस सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर, नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर नाझींनी तेरेझीनच्या वस्तीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. तिथून बाहेर आल्यावर लगेच दुसरं काही पाहायला नेऊ नका.

कुत्ना होरा प्रागच्या मुख्य स्टेशनवरून रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. इथे चांदी सापडली आणि १३०० पासून प्रागचे चांदीचे ग्रोशेन नाणे इथल्या टांकसाळीत पडू लागले. मध्य युरोपात ते नाणं चालायचं आणि त्या पैशावर बोहेमियाचे राजे मोठे झाले. खाणकामगारांची रक्षक मानलेल्या संत बार्बराचं चर्च १३८८ मध्ये सुरू झालं, पण खाणी आटल्या, पैसा आटला, आणि काम १९०५ पर्यंत रेंगाळलं. मला हे चर्च प्रागच्या कॅथेड्रलपेक्षाही जवळचं वाटतं, कारण आतल्या भित्तिचित्रांत संतांच्या बरोबरीने नाणी पाडणारे कारागीर काम करताना दिसतात, आणि पांढऱ्या अंगरख्यातल्या खाणकामगाराचा पुतळा उभा आहे. ज्यांच्या घामावर ते उभं राहिलं, त्यांना आत जागा दिली आहे.

याच गावाच्या सेडलेत्स भागात हजारो माणसांच्या हाडांनी सजवलेलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, आहे. १८७० मध्ये एका लाकूड-कारागिराने ती रचना केली. मुख्य स्टेशन त्याच भागात असल्याने सगळे पर्यटक आधी तिथेच वळतात. आई-बाबांना मात्र आत काय आहे ते आदल्या दिवशी सांगा आणि जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. काहींना तिथे मृत्यूकडे शांतपणे पाहता येतं, काहींना ती अस्थींची विटंबना वाटते. दोन्ही भावना रास्त आहेत. न जायचं ठरलं तर थेट गावात जाणाऱ्या छोट्या गाडीत बसा.

आता ओलोमोउत्स. प्रागहून रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर लागतात, आणि एकाच मार्गावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या धावत असल्याने आधी काढलेलं तिकीट बरंच स्वस्त पडतं. तिकिटाबरोबर आसन आरक्षित करायला विसरू नका. १५७३ पासूनचं विद्यापीठ, बरोक या नक्षीदार जुन्या शैलीतली सहा कारंजी, मोठा चौक, आणि त्या मानाने पर्यटक फारच थोडे. चौकात ३५ मीटर उंचीचा पवित्र त्रिमूर्ती (ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) स्तंभ आहे. १७१६ ते १७५४ अशी त्याची उभारणी चालली, पूर्णत्वाच्या सोहळ्याला सम्राज्ञी मारिया तेरेसा स्वतः आली होती. ज्या गवंड्याने, व्हाट्स्लाव्ह रेंडरने, तो सुरू केला त्याने आपली मालमत्ताही त्याच्यासाठी ठेवली, पण पुरा झालेला पाहायला तो उरला नाही. चार वर्षांत प्रशियाच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि तोफेचे गोळे स्तंभाला लागले. तेव्हा लोक मिरवणुकीने शत्रूच्या सेनापतीकडे गेले आणि स्तंभावर मारा करू नका म्हणून विनवलं, असं इथे सांगतात. तो थांबलाही म्हणे. त्या माऱ्याची खूण म्हणून गोळ्याची सोनेरी प्रतिकृती स्तंभात बसवली आहे, ती शोधायला बाबांना मजा येईल.

त्याच चौकातलं नगरभवनावरचं खगोलीय घड्याळ दुपारी बाराला पाहा. जुनं घड्याळ १९४५ च्या मे महिन्यात उद्ध्वस्त झालं. कम्युनिस्ट राजवटीत नवं बसवताना संत आणि राजांच्या जागी कामगार, शेतकरी, खेळाडू आले. प्रागच्या घड्याळापुढे मोबाईल उंचावलेली गर्दी असते. इथे तुम्ही बाकावर बसून या देशाचं विसावं शतक एका भिंतीवर पाहू शकता.

दुसऱ्या दिवशी क्रोम्येर्झीझला जा. गाडी बदलावी लागते, पण तासाभराच्या आसपास पोहोचता. ओलोमोउत्सच्या बिशपांचा हा उन्हाळी मुक्काम. ‘तीस वर्षांचं युद्ध’ म्हणतात त्या सतराव्या शतकातल्या युरोपीय युद्धात गाव बेचिराख झाल्यावर बिशपने त्याच शतकात इथे फुलबाग वसवली. तिची २४४ मीटर लांब कमानींची ओवरी आणि सपाट, रुंद वाटा म्हणजे ज्येष्ठांसाठी वरदान. पाहायला आलेल्या एका काकूंनी त्या ओवरीत पूर्ण दुपार काढली आणि तोच त्यांचा सहलीतला सर्वांत आवडता दिवस ठरला.

जेवणाचं आता नीट सांगतो, कारण हाल झालेच तर इथेच होतात. चेक लोकांचं मुख्य जेवण दुपारचं. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन ‘देन्नी मेनू’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, मिळतो, स्वस्त आणि ताजा. मेनूकार्डावर ‘बेझमासा यीद्ला’ हा मथळा शोधा, त्याखाली बिनमांसाचे पदार्थ असतात. तळलेलं चीज, म्हणजे ‘स्माझेनी सीर’, जवळजवळ सगळीकडे मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं. बटाट्याच्या ‘ब्राम्बोराक’ थालीपिठातही बहुधा असतं. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅमचे तुकडे टाकलेले पदार्थ समोर येण्याचीही शक्यता असते, म्हणून ‘बेझ शुंकी’, म्हणजे हॅमही नको, असं वेगळं सांगा.

आईंना ‘ओवोत्स्ने क्नेडलीकी’, म्हणजे फळं भरून उकडलेले पिठाचे गोळे, नक्की खाऊ घाला. आत जर्दाळू, प्लम किंवा स्ट्रॉबेरी, वर किसलेलं ताजं चीज, साखर आणि वितळलेलं लोणी. उकडीच्या मोदकावर तूप सोडून वाढतात तसंच वाढतात आणि गरमच खायचं असतं. पिठात अंडं आहे का ते मात्र विचारून घ्या. दुकानात ‘पोदमास्ली’ म्हणून ताक मिळतं. त्यात मीठ-जिरं घातलं की बाबा खूश. मी तुमच्या जागी असतो तर स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असती, म्हणजे रात्री मुगाची खिचडी टाकता येते. जुन्या प्रागमध्ये जागोजागी ‘पारंपरिक’ म्हणून विकलं जाणारं ‘त्रदेल्निक’, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेलं गोड पक्वान्न, चाखायला हरकत नाही, पण ते चेक घरांतलं पक्वान्न समजू नका.

पैशाचं थोडक्यात: इथे युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यावरच्या खिडकीतून पैसे बदलून भाव वाईट मिळाला तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. पावती जपा. ट्रामचं आधी घेतलेलं कागदी तिकीट आतल्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय वैध होत नाही. ८ मे ही सुट्टी असते आणि मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, त्या दिवसाचं दूध-भाजी आदल्या दिवशी आणून ठेवा.

लोक सुरुवातीला तुटक वाटतील. दुकानात, लिफ्टमध्ये, डब्यात शिरताना ‘दोब्री देन’, म्हणजे नमस्कार, म्हणा, चेहरे बदलतात. आई-बाबांना हे दोन शब्द विमानातच शिकवा. ट्राममध्ये त्यांना कुणीतरी उठून जागा देईल, तेव्हा बाबांनी संकोचाने नको म्हणू नये, इथे ते मनापासून देतात. कुणाच्या घरी जाणं झालं तर चपला दारात काढायच्या, आपल्यासारख्याच. फुलं नेली तर विषम संख्येत, सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात.

दोघं अंडं खातात का आणि विमान किती वाजताचं आहे, ते प्रतिसादात लिहा. मग दिवसवार गाड्या आणि प्रागमध्ये कुठल्या भागात राहावं, ते सविस्तर सांगतो.