सराफ्यात सोड्याचा ग्लास तोंडाशी नेला की नाकावर तुषार का उडतात?

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, लिंबू-सोडा पिताना नाकावर जे तुषार उडतात, ते बुडबुड्याच्या तळातून येतात. बुडबुड्यावरची फिल्म, म्हणजे पाण्याचा पातळ पडदा, फुटते, पण तुषारांत तिचा वाटा लहान. पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या आक्रसण्याच्या ओढीमुळे, ती आक्रसते. शुद्ध पाण्याची 1 मायक्रोमीटर जाडीची फिल्म सेकंदाला सुमारे 12 मीटर वेगाने मागे सरते.

खरी गंमत पुढे आहे. फिल्म गेल्यावर पाण्यात वाटीसारखा खड्डा उरतो. त्याच्या कडेवरून बारीक लाटा उतरतात, तळाशी एकमेकींवर आदळतात आणि मधून पाण्याची बारीक धार वर उसळते. तिचेच तुकडे म्हणजे हे थेंब, व्यासाने बुडबुड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाचे. 1 मिमीच्या बुडबुड्यातून निघालेला थेंब काही सेंटीमीटर सहज उडतो. फार मोठ्या बुडबुड्यांत मात्र गुरुत्वाकर्षण वरचढ ठरतं, धार उठत नाही.

पाहायचं असेल तर ताजा साधा सोडा काठापर्यंत भरा, मागे काळं कापड धरा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा. ग्लासात भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला तर फेस टिकतो आणि तुषार नीट दिसत नाहीत. आधी ग्लास भरपूर पाण्याने खळबळून घ्या.