पुण्यात राहून चिनी भाषा आणि संस्कृती घेऊन पदवी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बारावी कला शाखेतून झाली आहे, पुण्यात राहता, चिनी भाषा आणि संस्कृती घेऊन पुढे शिकायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, परदेशी भाषाच करायची तर जपानी नाहीतर जर्मन कर. चिनी घेण्यात अर्थ आहे का, आणि विद्यापीठात नेमकं काय शिकायला मिळतं?

मी पुण्यात सुरुवात केली, पुढे दिल्लीत चिनी भाषेत एम.ए. केलं, आणि आता भाषांतर व शिकवणी दोन्ही करते. माझं उत्तर आहे : घ्या, जरूर घ्या. फक्त ती इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. म्हणजे काय, ते पुढे सविस्तर सांगते.

आधी घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत. पुण्यात जर्मन आणि जपानीची पाळंमुळं खोल गेलेली आहेत. शिकवणाऱ्या पिढ्या आहेत, परीक्षा केंद्रं आहेत, आयटी कंपन्यांत नोकऱ्या आहेत. चिनीचं तसं नाही, आणि इथली मागणी सीमेवरच्या वातावरणाबरोबर वरखाली होते. एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवान घडलं. त्याच वर्षी ग्रेट वॉल मोटर्स तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेणार असा करार झाला होता. परवानगी न मिळाल्याने तो २०२२ मध्ये बारगळला आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती नाही. हे सगळं घरी मोकळेपणाने सांगा.

पण हेही सांगा की रांजणगावला हायरचा आणि चाकणला सॅनीचा कारखाना चालू आहे. भोसरी-चाकणच्या लहान उद्योजकांची बरीच यंत्रं आणि सुटे भाग आजही चीनमधून येतात, आणि वर्षातून दोनदा भरणाऱ्या क्वांगचौच्या व्यापार मेळ्याला पुण्यातले लोक जातात. यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाशी बोलणारा माणूस लागतो, माहितीपुस्तिकेचं भाषांतर लागतं, करारातली अट नीट वाचणारं कुणीतरी लागतं. परराष्ट्र सेवेला, सैन्यदलांना, इंडो-तिबेट सीमा पोलिसांना ही भाषा लागते. खडकवासल्याच्या एनडीएत छात्रांना शिकवल्या जाणाऱ्या परदेशी भाषांत चिनी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानंही पुन्हा सुरू झाली. काम आहे. जर्मनसारखं दारोदारी नाही, पण करणारेही थोडे आहेत.

आता मूळ मुद्दा. चिनीची जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली असतात आणि त्याला जे अवघड वाटतं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. त्यातलं पुष्कळ आपल्याला मुळात अवघड नाही. रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याची 'फिनयिन' पद्धत १९५८ साली मान्य झाली. तिच्यात 'बी' हे रोमन अक्षर दिसलं की मुलं ब म्हणतात. तिथे ब नाहीच. तिथे आपला प आहे, आणि 'पी' लिहिलं असेल तिथे दोन्ही ओठ मिटून सोडलेला महाप्राण फ. तसाच त आणि थ, क आणि ख. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपण बालवाडीत तक्त्यावर शिकलेलो असतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो तोंडापुढे कागद धरून शिकवावा लागतो. मराठीची तर आणखी एक देणगी आहे. 'चोर'मधला च आणि 'चिमणी'मधला च वेगळे आहेत हे आपल्या जिभेला माहीत आहे. चिनीत हे दोन्ही लागतात, शिवाय जीभ मागे वळवून काढलेला तिसरा. हिंदीभाषक वर्गमित्रांना यातला पहिला च बसायला वेळ लागतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले काही आठवडे फिनयिनच्या शेजारी देवनागरी लिहायला लावते. थांग राजघराण्याच्या काळातले चिनी भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही भारतीय लिपी शिकले, आणि पुढे चिनी ध्वनींचे जे तक्ते तयार झाले त्यांत ओठ, जीभ, दात, कंठ अशी उच्चारस्थानांनुसार मांडणी आली ती भारतीय वर्णविचाराच्या प्रभावातून. आपण आपल्याच घरची पद्धत वापरतो आहोत.

सूर मात्र मेहनतीचे आहेत. प्रमाण चिनीत चार सूर, शिवाय एक हलका. सुटी अक्षरं घोकू नका. शब्द बहुतेक दोन अक्षरी असतात, म्हणून जोड्यांचा सराव करा. तिसरा सूर पुस्तकात खाली जाऊन वर येणारा काढलेला असतो, पण चालत्या बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो, आणि दोन तिसरे सूर लागून आले की पहिला बदलून दुसरा होतो. हे सुरुवातीलाच कुणी दाखवून दिलं तर पुढची कितीतरी दमछाक वाचते.

व्याकरणातही तेच. 'काल आलेला माणूस' हे चिनीत त्याच क्रमाने येतं : काल, येणे, चा, माणूस. इंग्रजीतून विचार केला तर वाक्य उलटं फिरवावं लागतं, मराठीतून केला तर सरळ जातं. आम्ही आणि आपण यांतला फरक उत्तर चीनच्या बोलण्यात आहे. संख्येनंतर नाम थेट येत नाही, मध्ये मोजणीचा शब्द लागतो. आपण माणसांना 'तीन जण' म्हणतो, तिथे पुस्तकं, गाड्या, मासे, प्रत्येकाचा 'जण' वेगळा. काका, मामा, आत्या, मावशी वेगळे, पुतण्या आणि भाचा वेगळे, शिवाय काका वडिलांपेक्षा थोरला की धाकटा हेही वेगळं. इंग्रजी टिपा वाचत बसलात तर या सगळ्याचा एकच 'अंकल' होऊन जातो.

लिपीला लोक घाबरतात. चीनच्या २०१३ च्या अधिकृत यादीत ८,१०५ चिन्हं आहेत, पैकी रोजच्या वापराची ३,५००. बहुसंख्य चिन्हं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा. 'आई'च्या चिन्हात डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा असतो. घोड्याचा अर्थाशी काही संबंध नाही, तो केवळ 'मा' हा उच्चार सांगायला आहे. हे समजलं की पाठांतराचं ओझं खूप कमी होतं. पहिलं वर्ष तरी हाताने लिहा. अप्पा बळवंत चौकात मोठ्या चौकटींची वही मिळते, तेवढी पुरे. फोनवर टाइप करता येतं म्हणून लिहिणं सोडणारी मुलं दुसऱ्या वर्षी वाचनात अडतात हे मी वारंवार पाहते.

आता संस्कृती. पुष्कळ ठिकाणी हा विषय सण, चहा, कागदी कातरकाम आणि घराण्यांची यादी यांत उरकला जातो. त्याने समाधान मानू नका. एक उदाहरण देते. चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो आणि पौर्णिमा पंधराव्या दिवशी किंवा त्याच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ आपल्या अमान्त, अमावास्येला संपणाऱ्या महिन्यासारखंच. अधिक महिना त्यांच्याकडेही आहे आणि नियमही आपल्यासारखा : आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही तो अधिक, त्यांच्याकडे वर्षाच्या चोवीस सौर टप्प्यांपैकी मुख्य बारांतला एकही ज्या महिन्यात पडत नाही तो. फरक इतकाच की त्यांची गणना सायन (ऋतूंना धरून), आपली निरयन (ताऱ्यांना धरून), त्यामुळे अधिक महिने एकाच वेळी येत नाहीत. त्यांचा चंद्र पाहण्याचा सण आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो आणि सहसा आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येतो. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक आला, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. म्हणून ६ ऑक्टोबर २०२५ ला पुण्यात गच्चीवर मसाला दूध आटत होतं त्याच पौर्णिमेला तिकडे मूनकेक कापले जात होते. कालनिर्णय पाहत वाढलेल्या मुलीला हे समजायला अर्धा तास लागतो, आणि मग चिनी कादंबरीतल्या तारखा, श्राद्धाचे दिवस, शेतीचे हंगाम सगळे जिवंत होतात.

दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे. युआन च्वांग, ज्यांना आपण ह्युएन त्संग म्हणतो, सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन गेले. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या वृत्तांतात 'मो-ह-ला-छा' म्हणजे महाराष्ट्रावर स्वतंत्र भाग आहे. इथली माणसं मानी आहेत, उपकार स्मरतात, अपमान झाला तर सूड घेतात, पण त्याआधी शत्रूला तसं कळवतात, असं ते लिहितात. पूर्वेच्या डोंगरातल्या विहाराच्या दारात दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याची नोंद आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी उभे राहिलात तर ते हत्ती दिसतील. शाळेत आपण हे भाषांतराच्या भाषांतरातून वाचतो. चिनी मूळ मजकूर मी प्रथम ओळीओळीने लावला तेव्हा झालेला आनंद मला दुसऱ्या कुठल्याही मजकुराने दिलेला नाही. तुम्हालाही तो मिळावा असं फार वाटतं. त्यासाठी अभिजात चिनी शिकावी लागते. आजच्या बोलीपेक्षा ती बरीच वेगळी आहे, आणि तिचे तास ऐच्छिक असले तरी सोडू नका.

पुण्याला ही परंपरा नवी नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे पु. वि. बापट चिनी जाणत होते. 'विमुत्तिमग्ग' हा बौद्ध साधनेवरचा ग्रंथ पूर्ण रूपात राहिला तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात. बापटांनी तो बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून १९३७ साली पुण्यातच आपला अभ्यास प्रसिद्ध केला. विनयावरच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांवरच्या, अट्ठकथेच्या (टीकाग्रंथाच्या) चिनी रूपाचं त्यांनी हिराकावा या जपानी विद्वानांबरोबर केलेलं इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेने १९७० मध्ये काढलं. फर्ग्युसनमधलेच वा. वि. गोखले संस्कृतबरोबर तिबेटी आणि चिनी वाचत. भारतात हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनीत शिल्लक आहेत. पाली किंवा संस्कृत आणि चिनी अशी जोडी जमवणारा विद्यार्थी आज दुर्मीळ आहे, आणि ती जोडी जमवायला पुण्यासारखं गाव नाही. तुम्ही कला शाखेच्या आहात, बारावीला संस्कृत किंवा पाली असेल तर ती सोडू नका, एवढी माझी विनंती आहे.

माणसांशी बोलतानाही महाराष्ट्राचं नातं कामी येतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, चिनी शिकले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव 'ख तीहुआ'. वयस्कर चिनी माणसांपुढे ते उच्चारा, पुढची ओळख करून द्यावी लागत नाही.

कुठे शिकायचं? पदवीसाठी दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथे चिनी शून्यापासून शिकवतात आणि प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. शांतिनिकेतनचं चीना भवन तान युन-शान यांच्या पुढाकाराने १९३७ साली सुरू झालं, तिथे साहित्याचा भाग चांगला आहे. डेहराडूनच्या डून विद्यापीठातही चिनी आहे. पुणे सोडणं शक्य नसेल तर इथे पाली, इतिहास किंवा संस्कृत घेऊन बी.ए. करा आणि बरोबरीने चिनीचे प्रमाणपत्र वर्ग. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात, स्वतः जाऊन यंदाच्या वर्गांची चौकशी करा. पदव्युत्तरला बाहेर जाता येईल. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत चौथीला १,२०० शब्द लागत; साधारण तेवढी तयारी झाली की शिष्यवृत्तीला अर्ज करा. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची हुआयू शिष्यवृत्ती खास भाषा शिकण्यासाठी आहे. तिथे जुनी, न सोपी केलेली लिपी वापरतात, आणि अभिजात ग्रंथ वाचायचे असतील तर तीच उपयोगी पडते.

क्लास निवडताना जाहिरात पाहू नका, एक तास बसून पाहा. शिक्षक विद्यार्थ्याचा सूर जागच्या जागी दुरुस्त करतात का, एवढंच बघा. आणि जाड छापील शब्दकोशावर आत्ता पैसे घालू नका, फोनवर प्लेको हा शब्दकोश घ्या. तो फुकट आहे आणि पहिली दोन वर्षं सहज पुरतो.