ज्युरी ड्यूटीचं समन्स पहिल्यांदाच आलंय. टाळता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहता, यंदाच अमेरिकेचे सिटिझन झालात आणि लगेच सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं ज्युरीसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत (इथे साधारण बारा) बसण्यासाठी, समन्स आलं. भारतातून आलेले आईबाबा 'कोर्टाचा कागद' म्हणून धास्तावलेत. डिसेंबरात पुण्याची तिकिटं आहेत. कंपनी पगार कापेल का, हे ठाऊक नाही. आणि एक मित्र सांगतोय, "इंग्रजी नीट येत नाही म्हणून सांग, सुटशील."

आधी या मित्राचं. त्याचं अजिबात ऐकू नका. मी ज्युरीला गेले तेव्हा एका गृहस्थांनी न्यायाधीशांना नेमकं हेच सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "आपण काम काय करता?" उत्तर आलं, प्रॉडक्ट मॅनेजर. "मग मीटिंगा कुठल्या भाषेत होतात?" अख्खी खोली हसली आणि गृहस्थ खुर्चीवर तसेच बसून राहिले. कायद्याला हवं ते एवढंच, की खटला समजेल इतकं इंग्रजी यावं. उच्चार कसे आहेत याच्याशी कुणाला काही घेणं नाही. प्रश्नांची उत्तरं तुम्ही शपथेवर देत असता, हेही लक्षात असू द्या. ज्या शपथेच्या जोरावर उद्या साक्षीदाराचं खरंखोटं करायचं, तीच आपण पहिल्या तासात मोडायची, हे मला तरी पटत नाही.

आईबाबांना सांगा, समन्स म्हणजे आरोप नव्हे. मतदारयादी, डीएमव्हीकडची (गाडीचं लायसन्स देणारं खातं) लायसन्स आणि ओळखपत्रं आणि २०२२ पासून राज्याचा आयकर भरणाऱ्यांची यादी, यांतून नावं उचलली जातात. म्हणून तर ग्रीन कार्डवाल्यांना आणि एच-वन व्हिसावाल्यांनाही हा कागद येतो. त्यांनी तो कचऱ्यात टाकायचा नाही. 'मी नागरिक नाही' यावर खूण करून परत पाठवायचा, विषय संपला. पण नागरिक नसताना 'आहे' म्हणून खूण करून बसलं तर पुढे इमिग्रेशनमध्ये मोठी अडचण होऊ शकते. आईबाबांनी इथलं लायसन्स काढलं असेल तर उद्या त्यांच्याही नावाने येईल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. अजून एक. "तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भरा" असे फोन इथे सर्रास येतात. ते शंभर टक्के भामटे. कोर्ट असं फोनवर पैसे मागत नाही. खरोखरच समन्सला दाद दिली नाही तर दीड हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण त्याआधी रीतसर नोटीस येते.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. समन्सवर तुमचा नंबर आणि गटाचा नंबर असतो. ऑनलाइन प्रश्नावली आधी भरून टाका. मग त्या आठवड्यात रोज संध्याकाळी वेबसाइटवर किंवा फोनवर बघायचं, की उद्या आपल्या गटाला बोलावलंय का. आठवडाभर बोलावलं नाही, तर निदान वर्षभराची सुट्टी. बोलावलं तर जायचं. कॅलिफोर्नियात नियम 'एक दिवस किंवा एक खटला' असा आहे, म्हणजे त्या दिवशी कुठल्या खटल्यासाठी निवड झाली नाही तर काम झालं. फौजदारी खटले बहुतेक सॅन होजेच्या हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये चालतात, पण समन्सवर जो पत्ता असेल तोच धरा. दारात विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा डबा खुशाल न्या, पण सुरी वगैरे नको. पुस्तक न्याच, कारण पहिला अर्धा दिवस निव्वळ वाट बघण्यात जातो.

नाव पुकारलं की कोर्टरूममध्ये. तिथे आरोपी स्वतः समोर बसलेला असतो. इतका वेळ 'कटकट' वाटणारी गोष्ट तिथे एकदम बदलते. आधी ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांचं ऐकतात: घरी दुसरं कुणी नसताना लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळणारे, रोजंदारी बुडाली तर भाडं थकेल असे. 'ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे' ही अडचण धरत नाहीत, हे आपल्या मंडळींना फार बोचतं. मग बहुधा अठरा जणांना पुढे बसवून प्रश्न सुरू होतात. काम काय, नवरा-बायको काय करतात, घरात कुणी पोलिसात आहे का, स्वतःवर कधी गुन्हा घडलाय का, आरोपी साक्षीला उभा राहिलाच नाही तर त्याच्याविरुद्ध मत कराल का. खरं बोला. उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं नसेल तर "खाजगीत सांगू का?" असं विचारता येतं, आणि ऐकतात.

त्यानंतर वकील माणसं गाळतात. पक्षपाताचं ठोस कारण असेल तर कितीही. कारण न सांगता गाळण्याचा हक्क मात्र मोजका: साधारण गंभीर फौजदारी खटल्यात प्रत्येक बाजूला १०, जन्मठेप होऊ शकत असेल तर २०. "कोर्ट ज्युरर नंबर अमुकचे आभार मानतं" असं म्हटलं की उठून निघायचं, मनाला लावून घ्यायचं नाही. २०२२ पासून फौजदारी खटल्यांत 'या माणसाला दुसरी भाषा येते' हे कारण पुढे करून कुणाला गाळलं, तर ते मुळात गैरच धरलं जातं. तेव्हा तुमच्या उच्चारांची भीती खरं तर वकिलांनी बाळगायला हवी!

आता जरा विषयांतर, कारण तुम्ही लिहिलंय की बाबा म्हणाले, "ही ज्युरी म्हणजे नानावटीचीच ना?" हो, तीच कल्पना. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ ज्युररपैकी आठांनी, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. आपल्याकडे ज्युरी बदनाम झाली ती तिथून. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला असं जो तो सांगतो, पण ते खरं नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपवली. मला मात्र कोर्टात नाव पुकारायची वाट बघत बसल्या बसल्या नानावटी नाही, टिळक आठवत होते. १९०८ चा राजद्रोहाचा खटला. 'केसरी'तले लेख मराठी, लिहिणारा मराठी, आणि निवाडा करायला बसलेले नऊ जण: सात युरोपीय, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, आणि सहा वर्षं मंडाले. हायकोर्टाच्या भिंतीवर टिळकांचं उत्तर कोरलेलं आहे ते आपण शाळेत पाठ केलं. त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसलं होतं याचा विचार मी तरी शाळेत केला नव्हता. सॅन होजेच्या कोर्टात उद्या जो आरोपी बसेल तो व्हिएतनामी असेल, मेक्सिकन असेल, आपल्यातलाही असेल. आपल्यासारखे सगळे 'रिलीज आहे' म्हणून सुटले, तर बारा खुर्च्यांवर उरतं कोण? म्हणून टाळू नका, असं माझं स्पष्ट मत. तुम्हाला पटो न पटो.

माझी निवड झाली तो खटला दारू पिऊन गाडी चालवल्याचा होता. दोन आरोप: एक, दारूच्या अमलाखाली चालवली; दुसरा, रक्तात ०.०८ टक्के किंवा जास्त दारू असताना चालवली. रक्त घेतलं होतं गाडी थांबवल्यानंतर बऱ्याच वेळाने. बचावाच्या तज्ज्ञाचं म्हणणं, चालवताना प्रमाण कमी असणार, नंतर चढलं. कायदा म्हणतो, तीन तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यावरून चालवतानाही तेवढंच होतं असं तुम्ही धरू शकता, पण धरलंच पाहिजे असं नाही. या 'शकता'वर आम्ही बारा जण किती भांडलो म्हणून सांगू! एक निवृत्त शिक्षिका न्यायाधीशांच्या लेखी सूचना पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायच्या, आणि त्यांच्यामुळेच गाडी रुळावर राहिली. आरोप खरा असल्याची टिकून राहणारी खात्री झाली पाहिजे, अशी तिथली कसोटी. फौजदारीत बाराच्या बारा लागतात, दिवाणीत नऊ पुरतात. आमचं पहिल्या आरोपावर 'दोषी' असं एकमत झालं, दुसऱ्यावर शेवटपर्यंत झालंच नाही. शिक्षा किती, हे आमचं काम नव्हतं. ते न्यायाधीश ठरवतात.

कायदा समजणं जड गेलं नाही, गप्प बसणं गेलं. खटला चालू असताना नवऱ्याशीसुद्धा बोलायचं नाही, गूगल करायचं नाही, ती जागा बघून यायची नाही. सासूबाई रोज फोनवर, "काय गं, सोडलं का त्याला?" कोर्टात वही देतात, टिपणं काढा, पण ती वही तिथेच ठेवून यायची. साक्षीदाराला काही विचारावंसं वाटलं तर चिठ्ठी लिहून देता येते. प्रश्न घ्यायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात.

पैशाचं: पहिल्या दिवसाचे शून्य, दुसऱ्यापासून दिवसाला १५ डॉलर आणि थोडं मैलभाडं. त्यात पार्किंग आणि जेवण निघालं तर निघालं. खाजगी कंपनीने ज्युरीच्या दिवसांचा पगार द्यावा अशी सक्ती कॅलिफोर्नियात नाही, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या देतात, तेव्हा एचआरला विचारा. तुम्ही 'एक्झेम्प्ट' (ओव्हरटाइम न मिळणारे) पगारदार असाल आणि त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल, तर ज्युरीपायी त्या आठवड्याचा पगार कापता येत नाही. ज्युरीला गेलात म्हणून नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. कोर्टाकडून हजेरीचा दाखला मात्र आठवणीने मागून घ्या, तो एचआरला लागतो.

आणि तिकिटं. ती रद्द करू नका. ऑनलाइन प्रश्नावलीतच तारीख पुढे ढकलण्याची सोय असते, पहिल्यांदा ती सहज मिळते, आणि बरेचदा आपणच आठवडा निवडायचा असतो. परत आल्यावर लगेचचा आठवडा घेऊ नका, जेट लॅगमध्ये दुपारी तीन वाजता तज्ज्ञ साक्षीदार ऐकणं अशक्य आहे. फेब्रुवारीतला घ्या.