बाल्साचं (हलक्या लाकडाचं) छोटं कंट्रोल लाइन रेसिंग विमान, म्हणजे हातातल्या वायरींवर गोल फिरवायचं मॉडेल, बनवलंय, पण उडताना वायर ढिल्या पडतात, काय करू?

बहुतेक शेपूट जड झालंय किंवा बाहेरच्या (तुझ्यापासून लांबच्या) पंखात वजनच नाहीये. विमान दोन बोटांवर तोलून बघ, बॅलन्स पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर यायला हवा, वायर पंखाच्या टोकातून त्या पॉइंटच्या जरा मागून काढ, बाहेरच्या टोकात शिशाचा छोटा तुकडा चिकटव आणि इंजिनाचं तोंड किंचित बाहेर वळव. बेलक्रँक (वायर जिला जोडतात ती विमानातली फिरती पट्टी) मात्र प्लायवूडवरच बोल्टने बसव, नुसत्या बाल्सात नको, सगळी ओढ त्यावरच येते! इथे बडोद्यात पावसाळ्यात माझा पंख पिळला होता, म्हणून डोप (पंखावरच्या आवरणाला लावायचं लॅकर) सुकेपर्यंत पंख सपाट फळीवर पिना लावून ठेव. उडवण्याआधी हँडल धरून वायर जोरात ओढून बघच, विजेच्या तारांपासून लांब रहा आणि उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) मैदानातला मांजा आधी गोळा कर.