ठोके मोजून मुलगा की मुलगी?

प्रश्न : मला सहावा महिना चालू आहे. तपासणीत बाळाचे ठोके मिनिटाला १५२ भरले. ‘ठोके जास्त, म्हणजे मुलगीच’ असं सासूबाई म्हणतात. शेजारच्या काकू मात्र पोट पुढे आलंय म्हणून मुलग्यावर ठाम. कुणाचं खरं मानू?

उत्तर : कुणाचंच नाही. नवव्या आठवड्याच्या सुमारास ठोके १७० च्या आसपास असतात, पुढे उतरून ११० ते १६० मध्ये राहतात. मुलगा असो वा मुलगी. बाळानं लाथ मारली की वाढतात, डोळा लागला की उतरतात. एकाच तपासणीत मी १३० आणि १५५ दोन्ही ऐकलेत. त्यावरून काय ओळखणार? पोटाचा आकार तुमची उंची, पोटाचे स्नायू आणि बाळ कसं वळलंय यावर ठरतो. लिंग गर्भधारणेच्या वेळीच ठरतं, वडिलांच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र होतं की वाय यावर. (उद्या कुणी तुम्हाला बोल लावलाच, तर हे वाक्य जरूर ऐकवा.) काकूंचे निम्मे अंदाज बरोबर निघणारच; चुकलेले कोण लक्षात ठेवतं! तुम्ही हालचालीकडे लक्ष द्या. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.